शिवेवरच्या घराचा मेढा

तलावाचं पाणी ट्रॅकवर चढलं तेव्हा श्रावण अर्धा सरला होता. आमच्याकडे त्या रात्री नुसती भुरभुर होती. वाडीच्या वरच्या माळावर जोराचा पाऊस झाला असावा. सकाळी सुभद्रा आणि मी नेहमीसारख्या फिरायला निघालो. गेटपासून टेकडीच्या अंगानं तलावाला वळसा घालायचा आणि जुन्या पाळीवरून परत गेटशी यायचं, असा तो ट्रॅक आहे. पाळ सुरू होते तिथवर आलो आणि थांबलो. पुढे ट्रॅकच नव्हता. लाल-पिवळे ब्लॉक उतरत उतरत पाण्याखाली गेले होते. लोखंडी कठड्याची वरची नळी तेवढी पाण्याबाहेर होती, आणि ती पार वळणापर्यंत तशीच गेलेली दिसत होती. वारा नव्हता. पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

आडव्या लावलेल्या बॅरिकेडवर पांढरी फळी होती. त्यावर लाल बाण, वर ‘पर्यायी मार्ग’ आणि खाली ‘एकाच दिशेने चालावे’. बाण पळसाच्या झुडपांत शिरत होता.

सुभद्रा त्या बाणाकडे बघत राहिली.

“हे कोणं लावलं?” तिनं विचारलं.

ओमप्रकाश, आमचा वॉचमन, मोडक्या छत्रीखाली उभा होता. तो मूळचा बालाघाटकडचा, बोलतो अर्धं हिंदी अर्धं मराठी. “ठेकेदाराच्या पोरांनी, आजी. पानी उतरेपर्यंत इधरसेच जायचं. सीधे गेटच्या मागं निघता.”

“मले नको सांगू कुठं निघते ते. माह्या न्हाणीच्या मागं निघते.”

“फिर तो अच्छाच है. तुमचा घर एकदम जवळ.”

“सकाळपासून लोक गेले का इकडून? आत?”

“आत म्हंजे... हाव, गेटकडे. सगळेच गेले ना.”

मी सुभद्राची बाही ओढली. “चाल, आपण मागं फिरू. आलो तसं जाऊ.”

“काहून?”

“तुले ठाऊक हाय काहून.”

ती हसली. तिच्या वरच्या दोन दातांमध्ये फट होती. हसली की ती अजून शाळेतल्या पोरीसारखी दिसायची. “सिंधू,” ती म्हणाली, “इतके वर्स कोणी या वाटेनं आत नाई आलं. आता सगळा लेआउट येऊन राहिला.” आणि बाणाच्या मागे झुडपांत शिरली. मी आले तशी, टेकडीच्या बाजूनं, एकटी परत गेले.

तिथे पूर्वी काय होतं ते सांगायला हवं, कारण आता ते ठाऊक असलेली मी एकटीच आहे.

बोराळा हे आमचं गाव. नागपुरात, प्रताप नगरच्या पलीकडे, वाडीच्या अलीकडे. गाव म्हणून आता काही राहिलं नाही, शेतांत प्लॉट पडून लेआउट झाले, घरांवर घरं चढली. पण आमची आणि सुभद्राची घरं जुन्याच जागेवर आहेत. तलाव तेव्हा असा मोकळा नसे. ढिवर, म्हणजे मासे धरणारे लोक, शिंगाड्याचे वेल लावत, दिवाळीच्या आधी सगळं पाणी हिरवं होऊन जाई. पाळ मातीची होती, उंच, दोन बैल शेजारी-शेजारी चालतील एवढी रुंद. पावसाळ्यात तिच्यावर तरोट्याची भाजी उगवे, ती आम्ही पोरी ओच्यात खुडून आणायचो. ट्रॅक बांधला तेव्हा ती पाळ कापून सपाट केली, बाकावर बसल्या-बसल्या पाणी दिसावं म्हणून.

गावातून बाहेर जायच्या दोन वाटा होत्या. एक पाळीची. दुसरी पळसातून, शिवेच्या दगडापर्यंत. दगडापाशी दोन्ही मिळत. पळसातल्या वाटेनं जायचं फक्त. यायचं नाही. वर्षभर कुणी येत नसे; बैलसुद्धा त्या वाटेनं चरायला जात आणि पाळीवरून घरी येत. ती मारबतीची वाट होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी घराघराच्या दाराशी पळसाची फांदी ठेवत. तिला आम्ही मेढा म्हणतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नत्थूजी नावाचा आमचा गावकरी चिंध्यांची, गवताची, काळ्या तोंडाची बाहुली, म्हणजे मारबत, खांद्यावर घेऊन निघायचा आणि घरोघर थांबायचा. घरातली बाई मेढा घेऊन बाहेर यायची आणि त्या वर्षी घराला जे काही छळलं असेल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायची. मागे आम्ही पोरं. नाव संपलं की आम्ही एका सुरात ओरडायचं, “घेऊन जा गे मारबत!” असं करत करत शिवेवरच्या घरापर्यंत. त्या घराचा मेढा शेवटचा. तो दगडापलीकडे पडला की मारबत गेली. तोवर ती ताटकळत उभी राहते, असं मानत. मग सगळ्यांनी तोंड फिरवायचं आणि मागे न बघता पाळीवरून घरी यायचं.

शिवेवरचं घर सुभद्राचं होतं.

मी तिसरीत होते त्या वर्षीची गोष्ट. पहिल्या घराची खाज-खरूज निघाली. आमच्या घरचे ढेकूण निघाले. माझ्या आईनं असं काही ठणकावून नाव घेतलं की पोरं हसली. मधल्या आळीतला डांग्या खोकला निघाला. मग सुभद्राच्या आजीची, जिजाबाईची पाळी. सुभद्राच्या पाठची तारी, पाच सरून सहावं लागलेली, तापानं झोपून होती. त्या दिवशी जरा उतार होता म्हणून तीही आमच्यात येऊन उभी राहिली होती. जिजाबाई नातीजवळ जागून थकलेली. तिनं मेढा उचलला आणि म्हणाली, “आमच्या तारीच्या...” आणि तिला ठसका लागला.

आम्ही पोरं आळीभर त्याच तालात ओरडत आलो होतो. ठसका कुणाला कळलाच नाही. नाव ऐकलं आणि सगळे ओरडलो, “घेऊन जा गे मारबत!” तारीचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

जिजाबाई मेढा हातात धरून तशीच उभी राहिली. नत्थूजीनं मागे वळून पाहिलं, पण निघालेली मारबत थांबवायची नसते. मेढा दगडापलीकडे पडला. आम्ही तोंडं फिरवली, हात धरून साखळी केली, पाळीवरून आलो. सगळ्यांत मागे सुभद्रा आणि तिच्या हातात तारीचा हात. गावात शिरल्यावर आम्ही साखळी सोडली. सुभद्रानं मूठ उघडली. तिच्या मुठीत कुणाचा हात नव्हता.

“मी सोडला नाई,” ती म्हणत राहिली. “मी सोडलाच नाई.”

ढिवरांनी जाळी टाकली. शिंगाड्याचे वेल उपटून काठावर टाकले. पाळीच्या दोन्ही बाजू चाचपल्या. काही सापडलं नाही, एक बांगडीसुद्धा नाही.

सुभद्राचं लग्न झालं, नवरा गेला, ती माहेरी परत आली ती कायमची. भावांनी जागा विकायचं काढलं तेव्हा तिनं न्हाणीघराकडचा तुकडा अडवून धरला. तिच्या खोलीची खिडकी पळसाच्या झुडपांकडे उघडते. “ती ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं येईन,” ती मला एकदा म्हणाली होती. “पण त्या वाटेनं येतच नाई ना कोणी.” तेव्हा आम्ही दोघी तीस-पस्तिशीच्या असू. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नव्हता.

आणि आता तिथे बाण लागला होता.

पहिल्या आठवड्यात फिरायला येणाऱ्यांना खाज सुटली. बोटांच्या बेचक्यांत, कोपरांना. कुणी म्हणालं गवताची ॲलर्जी, कुणी म्हणालं पाणीच घाण आहे. बाकावर बसलेले लोक बोलता बोलता खाजवत. भैय्याजी, आमच्या फिरायच्या ग्रुपमधले बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मला म्हणाले, “सिंधूताई, आयुष्यात असं झालं नाई. रातभर खाजवून राहिलो.” मी त्यांची बोटं पाहिली. ती खरूज होती. मी ती लहानपणानंतर पाहिली नव्हती.

मग आमच्या घरात ढेकूण झाले. आमच्याकडे स्प्रिंगच्या गाद्या, धुवायला मशीन. माझी सून भावना घर आरशासारखं ठेवते. तिनं गादीची शिवण उलटी करून मला दाखवली. “आई, हे काय आहे?” तिनं ढेकूण कधी पाहिलाच नव्हता. औषध मारणारे लोक आले, दोनदा आले. शेजारच्या कुठल्याच घरात नव्हते. आमच्याच.

नागपूरच्या शिकल्यासवरल्या लोकांना काय सांगणार, की हे आमचेच ढेकूण आहेत, माझ्या आईनं घालवलेले?

त्यानंतर खोकला. मधल्या आळीच्या जागी आता ज्या दोन बिल्डिंगा आहेत, तिथून संध्याकाळी ऐकू येई. आधी एकामागून एक ठसके, श्वास संपेपर्यंत, आणि मग तो आत ओढून घेतल्याचा लांब आवाज. सुभद्रालाही लागला. ती रोज बाणाच्या मागे चालत होती.

“बंद कर ना आता तिकडून येणं,” मी तिला म्हटलं.

“उलट जवळ आलं आता,” ती म्हणाली. “खाज आली, ढेकूण आले, डांग्या आला. कोणाचा नंबर हाय आता?”

मी तिची पाठ चोळली.

“आवाज येते मले,” ती म्हणाली. “सकाळी, न्हाणीच्या मागं. ओरडते ते नाई, त्याच्या आधी श्वास घेतात ना पोरं, तो.”

दोन दिवसांनी माझ्या नातीला, वेदिकाला ताप आला. भावनानं तिला रविवारी सायकल घेऊन ट्रॅकवर नेलं होतं. बाणाप्रमाणे गेल्या, बाणाप्रमाणे आल्या. डेंगू नाही, मलेरिया नाही, रिपोर्ट सगळे कोरे. दिवसा पोरगी जरा बरी असे, दिवेलागणीला ताप चढे आणि पाय थंडगार पडत. माझा मुलगा अंकुश डॉक्टरशी फोनवर भांडत होता. मी वेदिकाच्या उशाशी बसले होते. तिनं डोळे मिटूनच म्हटलं, “शिंगाडे दे.”

“काय हवं, बाळा?”

“शिंगाडे. सोलून दे.”

वेदिकानं शिंगाडा कधी खाल्ला नव्हता. तिला तो शब्द ठाऊक असेल असंही मला वाटत नव्हतं. भावना म्हणाली, काहीतरी कार्टूनमध्ये ऐकलं असेल. मी मात्र उठून बाहेर आले. तारी तापात पडली होती तेव्हा मी तिच्याकडे ओंजळभर शिंगाडे घेऊन गेले होते, आणि तिनं मला अगदी असंच, डोळे मिटून, सोलून मागितले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सुभद्राकडे गेले. ती खिडकीशी बसली होती.

“परवा मारबत न्यायची,” मी म्हटलं.

“इतवारीत जाय पाहाले. टीव्हीवाले येतात, डीजे लावतात.”

“चेष्टा नको करू. इथली न्यायची, आपल्या वाटेनं. तू अन् मी.”

ती वळली. “मेढा माह्या घरचा शेवटी पडते.”

“म्हणूनच तुले म्हणून राहिली. नाईतर मी एकटी गेली असती.”

“अन् तारी?”

मी खिडकीबाहेर पळसाकडे पाहिलं.

“खिडकीखाली येऊन उभी राहते वं ती,” सुभद्रा हळूच म्हणाली, जणू आवाज चढला तर कुणी जागं होईल. “आज येईन, उद्या येईन असं झालं. अन् तू म्हणतं हाकलून दे.”

“मी तापाले हाकल म्हणते. वेदिकाचा ताप तारीचा हाय, सुभद्रे. शिंगाडे मागते पोरगी.”

सुभद्रानं हातातली काढ्याची वाटी खाली ठेवली.

“ताप तिच्या अंगात होता,” ती म्हणाली. “तिच्यासंगंच गेला, तिच्यासंगंच आला. एक हाकलला तर दुसरी कशी राहीन?”

“मले नाई ठाऊक.”

“वेदिका केवढी झाली?”

“पाच सरून सहावं.”

तिनं खिडकीची एक झडप लावून घेतली. “जाय तू घरी. भावना वाट पाहून राहिली असन.”

पोळ्याला आमच्या घरी पुरण शिजलं, पण कुणी जेवलं नाही. वेदिकानं पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी रंगवलेला लाकडी नंदी तिच्या पलंगाशी उभा होता, चाकांचा ऑइल पेंट अजून ओला. तिचं अंग हाताला सोसवत नव्हतं. अंकुशनं ठरवलं, सकाळी ॲडमिट करायचं.

सकाळी उजाडता-उजाडता मी चिंध्या आणि गवत बांधून केलेली हातभर मारबत पिशवीत घातली आणि सुभद्राच्या दाराशी गेले. मनात होतं, दार बंद असेल. ती अंगणात उभी होती. नऊवारी खोचलेली, हातात पळसाची फांदी.

“आमच्या आजीबुढीचं बोलणं अर्धं राहिलं होतं,” ती म्हणाली. “ते पुरं करू. पण माह्यं पुरं झाल्याबिगर तू तोंड उघडजो नको. समजलं?”

“समजलं.”

आम्ही न्हाणीच्या मागून पळसात शिरलो, बाणाच्या उलट्या दिशेनं. मी मारबत खांद्यावर घेतली. पानांवरून पाणी निथळत होतं. पाखरं नव्हती. वाटेवर सगळीकडे बुटांचे ठसे होते, आणि सगळे आमच्याकडे तोंड करून, आत येणारे.

“खाज-खरूज!” सुभद्रानं हाक दिली.

“घेऊन जा गे मारबत,” मी म्हटलं. माझा आवाज म्हाताऱ्या बाईचा, फाटका. लाज वाटली. तरी पुढे ओरडत गेले.

“ढेकूण!”

“घेऊन जा गे मारबत!”

“डांग्या!”

“घेऊन जा गे मारबत!” आणि या वेळी माझ्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. पातळ, उंच. पुढून, दगडाच्या बाजूनं. शेवटचं अक्षर त्यानं माझ्याहून थोडं लांबवलं, आम्ही पोरं लांबवायचो तसं. सुभद्रानं माझ्याकडे पाहिलं नाही.

दगड शेवाळलेला, अर्धा झुडपात. पलीकडे बॅरिकेडची पाठ दिसत होती आणि त्याच्यापलीकडे करडं, सपाट पाणी. मी मारबत दगडापलीकडे टाकली. आता मेढा. सुभद्रानं फांदी दोन्ही हातांत धरली.

“आमच्या तारीच्या...”

आणि खोकला आला. तो डांग्याच होता. एकावर एक ठसके, ती वाकली, श्वास मिळेना. त्या वेळी मी तो आवाज ऐकला ज्याबद्दल ती सांगत होती. झुडपात, हाताच्या अंतरावर, एका लहान मुलीनं ओरडण्यासाठी छाती भरून श्वास घेतला.

“थांब वं पोरी!” मी ओरडले. “थांब तारे, आयक! पुरं होऊ दे तिचं!”

सगळं थांबलं. पानांवरचं पाणीसुद्धा निथळायचं थांबल्यासारखं वाटलं. सुभद्राला तो लांब, आत ओढलेला श्वास मिळाला, आणि त्याच श्वासावर ती ओरडली, “...अंगातला ताप!”

“घेऊन जा गे मारबत!” आम्ही म्हटलं. मी म्हटलं, आणि झुडपातून म्हटलं गेलं.

मेढा दगडापलीकडे पडला.

आम्ही तोंडं फिरवली. समोर पळसाची वाट, पण तिनं घरी यायचं नाही. उरली पाळ. तिच्यावर पाणी.

“वाडीवरून जाऊ,” मी म्हटलं. “बाहेरच्या रस्त्यानं निघू, ऑटो करू.”

“पोरं पाळीनं आली होती,” सुभद्रा म्हणाली. “तिले तीच वाट ठाऊक हाय. तू समोर हो. कठडा धर. मागं पाहजो नको, सिंधू, काई झालं तरी.”

मी बॅरिकेडच्या कडेनं पाण्यात उतरले. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग मांडीपर्यंत. पायाखाली ब्लॉक होते, काही सुटलेले, हलणारे. एका हातानं मी नळी धरली होती, ती बर्फासारखी. मागे सुभद्रा उतरल्याचा आवाज आला. जड, सावकाश. आणि त्याच्या बाजूला दुसरा, हलका, दोन-तीन पावलं टाकून थांबणारा. पाणी ज्याच्या कमरेच्या वर येतं त्या माणसाचा.

“हळू,” सुभद्रा म्हणत होती. “घाई नाई. सरकत सरकत ये. हाव. असं.”

मध्यावर पाणी माझ्या पोटाला लागलं. मागचा हलका आवाज बंद झाला. मी थांबले.

“सुभद्रे?”

“चाल तू. कडेवर घेतलं मी.” तिचा आवाज दमलेला होता. “बापा, किती जड झाली वं.”

गेटजवळून ओमप्रकाश शिट्टी वाजवत होता, हात हलवत होता. “आजी! पागल हो गये क्या! वहीं रुको!” मी चालत राहिले. ब्लॉक पायाखाली वर चढताहेत असं वाटू लागलं, पाणी मांडीला, गुडघ्याला, घोट्याला, आणि मग मी कोरड्या जागेवर उभी होते. आता मी गावात होते. आता बघायला हरकत नव्हती.

सुभद्रा पाण्यातून वर येत होती, भिजलेली, डाव्या कमरेकडे झुकलेली. ती शेवटच्या ब्लॉकपाशी आली, वाकली, कमरेवरचं काहीतरी अलगद खाली ठेवावं तशी. मग सरळ उभी राहिली. तिचा डावा हात शरीरापासून थोडा दूर, खाली, मूठ सैल मिटलेली. हाताच्या शेजारी मला काही दिसलं नाही.

“दोन-दोन म्हाताऱ्या,” ओमप्रकाश धापा टाकत म्हणाला. “काही झालं असतं तर माझी नोकरी गेली असती.”

“आली का?” मी सुभद्राला विचारलं.

“हाव,” ती म्हणाली, आणि तशीच हात खाली धरून घराकडे चालू लागली. लहान पावलं टाकत.

वेदिकाचा ताप दवाखान्यात जायच्या आधीच उतरला. गाडीत बसवताना तिनं नंदी मागितला. डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सांगितलं. दुपारी तिनं दोन पोळ्या खाल्ल्या, आणि भावनानं कौतुकानं बाजारातून पिशवीभर शिंगाडे मागवले, तर वेदिकानं ते तोंडात घालून थुंकून टाकले. “छी, हे काय आहे?”

चार-सहा दिवसांत पाणी उतरलं. बाणाची फळी कुणीतरी काढून नेली. खरूज गेली, ढेकूण गेले. औषधानं, असं भावना म्हणते. सुभद्राचा खोकला तेवढा राहिला.

आम्ही पुन्हा फिरू लागलो, पण आता सावकाश. ती माझ्या आणि पाण्याच्या मध्ये कधी चालायची नाही. मला पाण्याकडे ठेवायची, स्वतः आतल्या बाजूला, डावा हात खाली. बाकावर बसताना शेजारी जागा सोडायची. एकदा भैय्याजी त्या जागेवर टेकायला लागले तर अशी ओरडली की ते चार दिवस बोलले नाहीत. तिचा डावा तळवा मी एकदा हातात घेऊन पाहिला होता. पांढरा पडलेला, सुरकुतलेला, तासन् तास पाण्यात भिजल्यासारखा. उजवा नेहमीसारखा होता.

“वाढत नाई ती,” सुभद्रा एकदा म्हणाली. “तेवढीच हाय. मी कुठं पुरणार वं तिले?”

माघात तिनं अंथरूण धरलं. खोकल्यानं छाती पोखरली होती. शेवटच्या दुपारी मी तिच्याजवळ होते. खिडकी उघडी होती, पळसाला कळ्या धरल्या होत्या. तिनं डोळ्यांनी मला डाव्या बाजूला बोलावलं.

“हात आण,” ती म्हणाली.

“सुभद्रे, माझं वय काय कमी हाय का?”

“मले ठाऊक हाय. आण.”

मी हात पुढे केला. तिनं मूठ माझ्या तळव्यावर ठेवली आणि सावकाश एकेक बोट उघडलं, झोपलेल्या पोराला दुसऱ्याच्या कडेवर देताना आपण जपतो ना, तसं. मला काही दिसलं नाही. गारवा मात्र लागला. मग माझी बोटं, मी न सांगता, मिटली.

“मी सोडला नाई,” सुभद्रा म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही.

आता मी ट्रॅकवर एकटी चालते, असं लोकांना वाटतं. डावा तळवा पांढरा पडला आहे. भावना त्याला मलम लावते, आणि मी लावू देते. रात्री निजताना हात पलंगाच्या कडेवरून खाली सोडते, म्हणजे तिला पोहोचेल. मी कितीशी पुरणार, हे मलाही कळतं.

काल वेदिका माझ्यासोबत आली होती. दुसरीत गेली ती आता. पाळीवर आल्यावर आपसूक माझ्या डाव्या बाजूला वळली आणि थोडं अंतर ठेवून चालू लागली, मध्ये एकाची जागा राहील एवढं. बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

“आजी, तुझा हात दुखत असेल. मी धरू का थोडा वेळ?”

मी नाही म्हटलं. गेट येईपर्यंत ती आपला उजवा हात तसाच पुढे करून चालत होती.